दारापाशीचे ठेंगणे बाकडे

तोंग शुइगनला कुणी "तुझं काम काय?" असे विचारले, की तो तोंडाने उत्तर देत नसे, नुसता उजव्या कानाला हात लावी. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला ऐकू आलेले दिसत नाही, आणि तो तोच प्रश्न ओरडून विचारी. मग शुइगन हसे. ऐकणे हेच त्याचे काम होते. चीनमधल्या शाओशिंगच्या पूर्वेला, तीन कमानींच्या पुलाखालून कालवा जिथे वळतो, तिथल्या रांजणघरात त्याने बावन्न हिवाळे दारूचे रांजण ऐकण्यात घालवले होते.

थंडी पडली की रांजणघर जागे होई. चिकट तांदळाचा भात वाफवायचा, निववायचा, आणि पाणी व गव्हाचे खमीर घालून छातीपर्यंत येणाऱ्या रांजणात सोडायचा. वर पेंढ्याचे झाकण, भोवती पेंढ्याची चटई. एवढे झाले की माणसाचे काम थांबे आणि रांजणाचे सुरू होई. आधी तो गप्प असतो. मग कुजबुजतो. मग ओल्या वाळूतल्या खेकड्यासारखा बुडबुडायला लागतो, भाताचा जाड थर फुगून वर येतो आणि त्याखाली ऊब साठत जाते. अशी एक घटका येते की तेव्हा बांबूच्या दांड्याचे लाकडी वल्हे घालून तो थर फोडायचा आणि सगळे वरखाली करायचे. लवकर घातले तर दारू मुळमुळीत होते. उशीर झाला तर आंबते, आणि मग ती शिरकेवाल्याच्या बोटीत व्हिनेगर व्हायला जाते. पुढची वल्ही कुणीही घालावीत, पण पहिले वल्हे कधी घालायचे ते ज्याच्या कानाला कळते, त्याला सगळे वस्ताद म्हणतात.

आता ज्याला कळते त्याचेही कधी चुकते. त्यासाठी या रांजणघरात एक बाकडे होते. जेवणघरात सगळ्यांसाठी मोठे टेबल, आणि दारापाशी, जिथे सगळे जोडे काढतात तिथे, वीतभर उंचीचे हे ठेंगणे बाकडे. ज्याचा अंदाज चुकला त्याने सकाळची पेज तिथे बसून प्यायची, गुडघे हनुवटीला लावून, आणि पुढच्या रांजणाची घटका बरोबर ओळखेपर्यंत तिथून उठायचे नाही. कुणी हसायचे नाही, कुणी कारण विचारायचे नाही. बसा असेही कुणी सांगत नसे. ज्याचे त्याला कळते म्हणत. मी स्वतः या बाकड्यावर कधी बसलो नाही, पण त्यावर बसलेल्यांचे चेहरे पाहिले आहेत, आणि खरे सांगतो, चार शिव्या परवडल्या.

शुइगन त्यावर तीनदा बसला होता. तिसऱ्यांदा बसला तो पन्नाशीत, आणि ते निव्वळ फुशारकीने. शहरातून काही पाहुणे त्याचे कसब बघायला आले होते. रांजण कसा ऐकायचा हे त्यांना रंगवून सांगता सांगता तो रांजण ऐकायचाच विसरला. दुसऱ्यांदा बसला तो एकतिसाव्या वर्षी. उत्तरेचा वारा सुटला म्हणून त्याने सगळे दरवाजे लावून घेतले आणि खांबाआडचा रांजण आधीच तापलेला आहे हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. या दोन्ही गोष्टी तो म्हातारपणी हसत हसत सांगे. पहिल्या वेळेची मात्र सांगत नसे.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि पान आडनावाच्या वस्तादाच्या हाताखाली त्याचा पहिलाच हिवाळा चालू होता. रांजण कालव्यापलीकडच्या घराचा होता. त्या घरी मुलगी झाली होती. मुलगी झाली की त्या थंडीत तिच्या नावाचा एक रांजण लावायचा, ती दारू मडक्यांत भरून मातीखाली पुरायची आणि तिच्या लग्नात उकरून काढायची. हा रांजण एकदाच लागतो. बिघडला तर दुसरा लावत नाहीत. मुलीचे नशीब दोनदा शिजवायचे नसते अशी तिथली समजूत. पान वस्तादाने त्या सकाळी शुइगनला विचारले, "काय म्हणतो?" शुइगनने कान लावला आणि सांगितले, अजून वेळ आहे. वस्ताद "बरं" म्हणाला आणि बडीशेप घालून उकडलेले बाकल्याचे दाणे सोलत बसला. संध्याकाळी झाकण काढले तेव्हा आंबट वास शुइगनच्या नाकात शिरला.

बाकड्यावर तो सहा दिवस होता. पुढे वसंतात, पितरांची थडगी साफ करून परत येताना बोटीत त्याने वस्तादाला विचारले, "तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुला माझा आवाज ऐकू आला असता," पान वस्ताद म्हणाला. "रांजणाचा कधी येणार?"

त्यानंतर दोन हिवाळे शुइगन त्याच्याशी कामापुरतेच बोलला. शिकला त्याच्याकडूनच, त्या दिवसापासून त्याचा कान असा उघडला की पुढे पंचक्रोशीत त्याच्यासारखा कान नव्हता, हेही खरे. पण ज्या मुलीचा रांजण गेला ती हुईचुन. तिच्या लग्नात दुकानातली दारू वाढली गेली, आणि लोकांची जीभ कशी असते! तीन पोरांची आई झाली, आता बावन्न वर्षांची आहे, तरी तिला "दुकानाच्या दारूची हुईचुन" म्हणतात. ती स्वतः हसून सोडून देते. कालव्यापलीकडे तिचे टोफूचे दुकान आहे. शुइगन रोज पूल ओलांडून तिच्याकडूनच टोफू आणतो, अलीकडच्या दुकानातला जास्त मऊ असतो तरी. बायको कटकट करते, तो ऐकून घेतो.

सत्तरी जवळ आली तसे शुइगनला एक नवलच वाटू लागले होते. पूर्वी रांजण फक्त थंडीत बोलत, तेही जवळ गेल्यावर. आता ते त्याच्या मागे घरी येत. उन्हाळ्यात सगळे रांजण अंगणात पालथे पडलेले असत, त्यांच्या बुडांवर मांजरे झोपत, तरी शुइगनला बुडबुड ऐकू येई. बोटीच्या काळ्या छपराखाली दुपारी आडवा झाला की ती अशी भोवती पसरे की बोट पाण्यावर नाही, आंबत्या भातावर तरंगते आहे असे वाटे. डोळे मिटावेत, आणि पान वस्ताद, मेलेली आई, लहानपणी बुडालेला धाकटा भाऊ, सगळे पेंढ्याच्या चटया गुंडाळून ओळीने उभे आहेत आणि आतल्या आत कुजबुजताहेत. त्याला भीती वाटत नसे. उलट बरे वाटे. बावन्न वर्षे मी यांचे ऐकले, आता हे मला सोडून जात नाहीत, असे तो मनाशी म्हणे.

बायकोला, गुइशियांगला, या नवलाचे काही कौतुक नव्हते. ती म्हणे, "चांगला कान आहे हं तुझा, म्हाताऱ्या. पालथा रांजण बोललेला ऐकू येतो, आणि बायको तीनदा हाका मारते ते नाही." यावर तो म्हणे की तुझा आवाजच अलीकडे बारीक झाला आहे. गुइशियांगचा आवाज बारीक! पुलावरच्या म्हशीसुद्धा तिच्या हाकेला थांबत.

मुलगी सूयुन रांजणघरात आली ती अगदी वेगळ्या वाटेने. जुन्या काळी बाईने रांजणांच्या खोलीत पाऊल टाकायचे नसे. पण तरुण माणसे एकेक करून शहरात निघून गेली, आणि वल्हे धरायला हात उरेनात, तेव्हा त्या नियमाची कुणाला आठवण राहिली नाही. सूयुन आधी शहरातल्या एका मोठ्या कारखान्यात होती. तिथे घराएवढ्या पोलादी टाक्या होत्या आणि त्यांचे म्हणणे काट्यांवर उमटे. चार वर्षांनी ती कंटाळून परत आली ती खिशात तापमान मोजायची काचेची नळी घेऊनच. शुइगनने त्या नळीची यथेच्छ टिंगल केली. रांजणाला ताप आला आहे का, औषध काय देऊ, असे तो सकाळ-संध्याकाळ विचारी. ती हसे आणि नळीही बुडवी, कानही लावी, चाखूनही बघे, आणि मग दोन्ही तळवे रांजणाच्या पोटावर ठेवून बराच वेळ उभी राही. सहा हिवाळ्यांत ती एकदाच बाकड्यावर बसली, तीन दिवस. तेव्हा शुइगनने तिला आधी सांगितले नव्हते. तो साधा रांजण होता, आणि तिला रांजणाचाच आवाज ऐकू यावा असे त्याला मनापासून वाटले होते. पान वस्तादावरचा राग त्या तीन दिवसांत बराचसा उतरला.

मग सूयुनला मुलगी झाली, उन्हाळ्याच्या शेवटी. नाव ठेवले रुईरुई. थंडी पडताच तिच्या नावाचा रांजण लागला. तांदूळ सूयुनने स्वतः धुतला, भात स्वतः निववला, आणि रांजणाच्या गळ्याला नातीच्या नावाचा लाल कागद शुइगनने चिकटवला. कागद जरा तिरका लागला, म्हणून गुइशियांगने त्याचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतके धुके होते की रांजणघराच्या दारातून कालवा दिसत नव्हता. शुइगन आत गेला. बाकीच्या रांजणांपाशी न थांबता तो थेट लाल कागदाच्या रांजणाकडे गेला, झाकणाची कड उचलली आणि कान आत नेला.

 आत नुसती बुडबुड नव्हती, गर्जना होती. रांजण पुरता तापला होता. घटका आली होती, नव्हे, टळत चालली होती.

सूयुन शेजारीच होती. तिने नळी बुडवली, बोट बुडवून चाखले, कान लावला, तळवे लावले. मग झाकण नीट बसवून म्हणाली की दुपारपर्यंत थांबायला हवे.

शुइगनच्या जिभेवर शब्द आला होता. तो त्याने गिळला. का गिळला हे त्याला त्या वेळी नीट सांगता आले नसते. सवय म्हणा, पान वस्ताद म्हणा. हीच ती वेळ, आता मी बोललो तर हिचा कान जन्मभर माझ्या तोंडाकडे लागलेला राहील, असे काहीतरी त्याच्या मनात आले. मान हलवून तो बाहेर गेला आणि कालव्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसला.

धुक्यात सगळे स्वप्नासारखे होते. बोटी येत होत्या, जात होत्या, पण वल्ह्यांचा आवाज नव्हता. बदके तोंडे उघडत होती आणि मिटत होती. पलीकडच्या काठावर दुकानाची फळी काढून हुईचुन उभी राहिली. त्याला पाहून तिने हात केला आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले त्याला दिसले. शब्द धुक्यातच विरले, असे त्याला वाटले, कारण त्याच्या कानात रुईरुईचा रांजण एवढा मोठ्याने गर्जत होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. इथवर ऐकू येतो आहे म्हणजे काय ताप चढला असेल, असे त्याच्या मनात आले.

हुईचुन टोफूवर ओले फडके टाकत होती. फडके टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. तिच्याकडे बघता बघता त्याला तिच्या लग्नाचा दिवस आठवला. त्याच्या वाटीत दुकानची दारू ओतली गेली होती, आणि ती त्याच्या घशाखाली उतरेना. शेजारच्यांनी विचारले, वस्ताद, आवडली नाही का? नवरीने ते ऐकले होते. तिने मान खाली घातली होती.

वीस वर्षांनी रुईरुईने अशीच मान खाली घालायची? मला शहाणपण शिकवायचे आहे म्हणून? शुइगन उठला. पान वस्तादाचे काळीज त्याच्याकडे नव्हते आणि त्याला ते आता नकोही होते. पायऱ्या चढताना तो एकदा घसरला, गुडघा खरचटला, तसाच तो आत शिरला.

"सूयुन, वल्हं घाल," तो म्हणाला.

रांजणाच्या पोटाला गाल टेकून ती बसली होती. तिने वर पाहिले. "अजून नाही, बाबा."

"घाल म्हणतो ना. आतून उकळतोय तो. सकाळपासून उकळतोय. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"उकळत नाहीये. हात लावून बघा."

"हात काय सांगणार? मला ऐकू येतंय."

"मलाही येतंय. तो अजून झोपेत बडबडतोय," सूयुन म्हणाली.

भिंतीशी टेकवलेले वल्हे शुइगनने उचलले. बावन्न वर्षांत त्याच्या हातातले वल्हे कुणी धरले नव्हते. सूयुनने उठून त्याचे दुसरे टोक धरले. तिकडे भात वाफवणारी माणसे हातातले काम सोडून बघत राहिली. बापलेक असे एका बांबूच्या दोन टोकांना उभे होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि तेच मोठ्याने म्हणाली, "बाबा, बिघडला तर तिला तोंड मला दाखवायचंय. माझ्या चुकीनं बिघडू दे. तुमच्या नको."

शुइगनने वल्हे सोडले. रागाने नव्हे. मी एकोणीस वर्षांचा असताना असे म्हणालो नव्हतो, एवढेच त्याच्या मनात आले. तो तांदळाच्या पोत्यावर बसला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागला.

अशी वाट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. दोन तास गेले की चार, त्याला कळले नाही. धुके वितळून खिडकीतून उन्हाचे पट्टे आले आणि वाफेतून तिरके होत रांजणावर चढले. कानातली गर्जना चालूच होती. मध्येच गुइशियांग रुईरुईला कडेवर घेऊन दारात आली, त्याच्याकडे आणि सूयुनकडे आळीपाळीने पाहिले आणि काही न बोलता परत गेली. गुइशियांग काही न बोलता गेली यावरून ओळखा.

शेवटी सूयुन उठली. तळवे रांजणावर ठेवले, डोळे मिटले, मग झाकण काढले आणि वल्हे घातले. थर फुटला, वाफेचा लोट वर आला. शुइगनने आंबल्याचा वास यायची वाट पाहिली. तो वास त्याला बावन्न वर्षे पाठ होता. पण आला तो ताज्या भाताचा, पिकल्या नासपतीचा, मधासारखा गोड आणि मागून जराशी जीभ चावणारा वास. सूयुनने डाव भरून त्याच्यापुढे धरला. त्याने चाखले. पुन्हा चाखले.

असा रांजण त्यानेही दोन-चारदाच उघडला होता. त्यातला एक सूयुनच्या नावाचा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचा आनंद त्याच्या डोळ्यांतून वाहायला लागला आणि तो त्याने लपवला नाही.

डोळे पुसून झाले, आणि मग त्याच्या लक्षात आले. वल्हे फिरले की रांजण गप्प बसतो. नेहमीच बसतो, आतली गरमी निघून जाते आणि घटकाभर हूं की चूं करत नाही. हाही बसला असणार, कारण सूयुनने वल्हे काढून घेतले होते आणि वरचा भात नुसता सावकाश गोल फिरत होता. पण गर्जना थांबली नव्हती. शुइगनने वाकून कान आत नेला. तेवढीच. शेजारच्या रिकाम्या रांजणात डोके घातले. तेवढीच. तो अंगणात गेला, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला, आणि तिथे दोन्ही तळहातांनी कान घट्ट दाबले. बाहेरचे सगळे जग बंद केल्यावर ती अधिकच मोठी झाली.

 रांजण त्याच्या मागे घरी येत नव्हते. पान वस्ताद, आई, धाकटा भाऊ, कुणीही कुजबुजत नव्हते. तो त्याचाच कान होता, म्हातारा होत चाललेला, रिकामा वाजणारा. दोन वर्षे तो आपल्याच आवाजात गुंगून पडला होता, आणि आज त्या आवाजाच्या भरवशावर नातीच्या रांजणात वल्हे घालायला निघाला होता. पलीकडून हुईचुनने पुन्हा हात केला. या वेळी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे त्याने लक्ष देऊन पाहिले. ती विचारत होती, आज टोफू नको का?

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघरात सगळे टेबलाशी बसले होते. शुइगन पेजेची वाटी घेऊन आला, वस्तादाच्या जागेपर्यंत गेला, मग वळला आणि दारापाशीच्या ठेंगण्या बाकड्यावर जाऊन बसला. गुडघे हनुवटीला लागले. कालचा खरचटलेला गुडघा ठणकला. भात वाफवणाऱ्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. रांजण तर उत्तम उघडला होता, मग वस्ताद तिथे का? पण कारण विचारायचे नसते. विचारले फक्त सूयुनने, तेही जवळ येऊन, त्याच्यासमोर उकिडवे बसून, त्याला ओठ दिसतील अशा बेताने.

"बाबा, रांजण बिघडला नाही. तुम्ही इथं का?"

"रांजण नाही बिघडला. अंदाज बिघडला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझ्या कानाचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"माझ्या लग्नानंतरच्या हिवाळ्यापासून. तुम्ही सांगायचात ते बरोबर असायचं, पण ऐकून नाही. वेळेचा हिशेब होता तुमच्या अंगात."

"मग सांगितलं का नाही?"

सूयुनने त्याच्या वाटीकडे पाहिले.  शुइगनला बोटीतला आपलाच प्रश्न आठवला आणि एकाएकी हसू फुटले. तोंडातली पेज नाकात गेली, ठसका लागला, पाठ चोळायला तीच उठली.

त्या दिवसापासून तो हाताने शिकू लागला. एकाहत्तराव्या वर्षी! रांजणाच्या पोटावर तळवा ठेवायचा आणि उभे राहायचे. पहिले चार दिवस त्याला गार मातीखेरीज काही कळले नाही. पाचव्या दिवशी त्याने "आता" म्हटले, आणि ते दोन तास लवकर होते. सातव्या दिवशी उशीर होता. दोन्ही वेळा सूयुनने वल्हे आपल्या वेळेने घातले, आणि तो आपला बाकड्यावर. कानातली गर्जना चालूच राहिली. तिच्यावर रागवायचे त्याने सोडून दिले. दुपारी बोटीत तीच सोबतीला असे, आणि डोळे मिटले की मेलेल्या माणसांची ती ओळ अजून उभी राही. ते आपलेच आहे हे ठाऊक असूनही त्याला बरे वाटे.

दहाव्या दिवशी सकाळी गुइशियांग आली आणि बाकड्यावर बसलेल्या नवऱ्याच्या मांडीत तिने रुईरुईला टाकले. "एवीतेवी बसलाच आहेस, तर धर हिला. रात्रभर पोटात वारा धरलाय," ती त्याच्या कानाशी ओरडली. पोर पालथे घालून तो तिच्या पाठीवर तळवा फिरवू लागला. ती रडत असावी. तोंड उघडे होते, चेहरा लाल झाला होता. आवाज त्याला लांबून आल्यासारखा, पुलापलीकडून आल्यासारखा येत होता. पण तळव्याखाली काहीतरी होते. आधी गप्प. मग बारीक थरथर. मग गुडगुड, थांबून, पुन्हा गुडगुड, खालून वर सरकत. शुइगनचा हात जागच्या जागी थांबला. त्याने डोळे मिटले. गुडगुड वर आली, आणखी वर आली, आणि त्याने बरोबर त्या क्षणी पाठीवर एक चापट मारली. रुईरुईने खणखणीत ढेकर दिला आणि ती शांत झाली.

 पेज निवून गेली. मग पोर गुइशियांगकडे देऊन तो आत गेला. खांबाआडच्या रांजणापाशी सूयुन नळी पुसत उभी होती. त्याने तोच तळवा, अजून पोरीच्या अंगाने उबदार असलेला, रांजणाच्या पोटावर ठेवला. कान लावला नाही. आत काहीतरी खालून वर सरकत होते.

"काय म्हणतो?" सूयुनने विचारले.

त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. पान वस्तादाने हेच विचारले होते तेव्हा त्याने लगेच सांगून टाकले होते.

"आता," तो म्हणाला.

सूयुनने नळी बुडवली नाही. ती खिशात घातली आणि वल्हे उचलले.